‘डॉक’: एक स्पेलिंग, चार शब्द आणि गोदीतल्या चोरीचे कागद

हे प्रकरण इंग्रजीतून मराठीत कायद्याचे कागद आणणाऱ्यांच्या सरावासाठी रचलेलं आहे. माणसं आणि खटला कल्पित आहेत. त्यातल्या चुका मात्र अनुवादाच्या टेबलावर नेहमी दिसणाऱ्या आहेत, आणि शब्दांची मुळं, कायदे, जागा खऱ्या आहेत.

मुंबई बंदरातल्या एका शेडमधून रात्रपाळीत वीस गोणी माल नाहीसा होतो. शेडवरच्या एका टॅली क्लार्कवर (मालाचे नग मोजून नोंदवणाऱ्या कारकुनावर) नोकराने केलेल्या चोरीचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम 306 चा खटला चालतो आणि दंडाधिकारी त्याला दोषी ठरवतात. अपील करायचं आहे. वकिलांचे कागद इंग्रजीत आहेत आणि आरोपीला व त्याच्या युनियनला ते मराठीत वाचायचे आहेत. गठ्ठ्यात पाच कागद आहेत: विमा कंपनीच्या अमेरिकन सर्व्हेअरचं पत्र, कस्टमचं बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं घोषणापत्र), खातेनिहाय चौकशीचा अहवाल, पोलिसांनी घेतलेल्या रखवालदाराच्या जबाबाची इंग्रजी प्रत, आणि निकालपत्र. या सगळ्यांत मिळून ‘डॉक’ किंवा त्याची रूपं 37 ठिकाणी येतात. अनुवादाच्या सॉफ्टवेअरला जोडलेल्या शब्दसूचीत एकच नोंद होती: डॉक म्हणजे गोदी. पहिला मसुदा त्या नोंदीवर तयार झाला.

निकालपत्राच्या चौदाव्या परिच्छेदात एक छोटं वाक्य आहे: ‘द विटनेस आयडेंटिफाइड द अक्यूज्ड इन द डॉक.’ मसुद्यात त्याचं मराठी झालं: ‘साक्षीदाराने आरोपीस गोदीत ओळखले.’ वाक्य शुद्ध आहे. चोरी गोदीतच झाली, रखवालदार गोदीतच होता, त्यामुळे वाचणाऱ्याला खटकत नाही. आणि अर्थ पार उलटा आहे. इंग्रजी वाक्य सांगतं की साक्षीच्या दिवशी रखवालदाराने कोर्टात, आरोपीच्या पिंजऱ्याकडे बोट दाखवून, ‘हाच तो’ असं सांगितलं. मराठी वाक्य सांगतं की त्याने चोरीच्या रात्री जागेवरच माणूस ओळखला होता. मधल्या अकरा महिन्यांत ओळख परेड, म्हणजे साक्षीदाराने बऱ्याच माणसांतून संशयित ओळखून दाखवणं, झालेली नाही आणि बचावाचा सगळा भर त्यावरच आहे. मराठी मसुदा वाचणाऱ्या आरोपीला आपल्याच वकिलाचा मुद्दा कळणार नाही.

हा अर्थ फौजदारी कामात रोजचा आहे. ‘डॉक आयडेंटिफिकेशन’ म्हणजे साक्षीच्या वेळी न्यायालयात आरोपीला ओळखणं. ओळख परेड तपासाच्या काळात होते, तिचा उपयोग पूरक पुराव्याचा. मूळ पुरावा न्यायालयातल्या ओळखीचा. परेड झाली नाही म्हणून न्यायालयातली ओळख आपोआप बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2003 च्या मलखानसिंग निकालात सांगितलं आहे. पण साक्षीदाराने माणूस आधी कधीच पाहिलेला नसेल आणि तो पहिल्यांदा पिंजऱ्यातच दिसला असेल, तर त्या ओळखीला किती वजन द्यायचं हा प्रश्न उभा राहतो. त्यामुळे अनुवादात ‘न्यायालयात’ हा शब्द यायलाच हवा. ‘साक्षीदाराने न्यायालयात आरोपीच्या पिंजऱ्यातील इसमास ओळखले’ हे थोडं लांब झालं तरी चालेल. नुसतं ‘पिंजऱ्यात’ लिहू नये, कारण आपल्याकडे साक्षीदाराच्या जागेलाही पिंजराच म्हणतात आणि इंग्रजीत त्या दोन जागांना दोन वेगळे शब्द आहेत.

चूक का झाली हे समजायला मुळांकडे जावं लागतं. कोशात एकाच स्पेलिंगखाली डॉक दिसतो. हा एका शब्दाचा अर्थविस्तार आहे असं वाटतं. जहाज जिथे बांधून ठेवतात ती जागा, मग आरोपीला उभं करतात ती जागा, अशी साखळी मनात सहज जुळते. ती खोटी आहे. इंग्रजीत हे चार स्वतंत्र शब्द आहेत. वेगवेगळ्या वाटांनी आले आणि शेवटी एका उच्चारावर येऊन थांबले.

गोदीचा डॉक मध्ययुगीन डच किंवा उत्तर जर्मनीतल्या ‘डॉके’ या शब्दावरून आला. सुरुवातीला त्याचा अर्थ ओहोटीला चिखलात टेकलेल्या जहाजाने केलेला खळगा, किंवा जहाज बसावं म्हणून गाळात खणलेला चर, असा होता. त्यामागे लॅटिन आहे का यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मुंबईकराला हा अर्थ कळायला कोश लागत नाही. रे रोडच्या दारुखान्यात तोडायला आणलेली जहाजं आजही भरतीला किनाऱ्याकडे ओढून गाळात बसवतात. त्या चराला पुढे दगडी भिंती आल्या, दारं आली. फोर्टलगतच्या नौदल गोदीतली डंकन डॉक 1810 पर्यंत पुरी झाली आणि तिथे वाडिया घराण्याच्या हाताखाली बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे 1817 चं जहाज आजही इंग्लंडमध्ये तरंगतं आहे. मग 1875 ची ससून डॉक, 1880 ची प्रिन्सेस डॉक, पुढे व्हिक्टोरिया, आणि 1914 ची अलेक्झांड्रा, जी आता इंदिरा डॉक आहे.

आरोपीच्या पिंजऱ्याचा डॉक फ्लेमिश ‘डोक’वरून आला, असं बहुतेक कोश मानतात. तिथे त्याचा अर्थ कोंबड्यांचं खुराडं किंवा सशांचा पिंजरा. सोळाव्या शतकाच्या शेवटी तो इंग्रजीत दिसतो, आणि तोही चोर-भामट्यांच्या बोलीत. आत उभं राहणाऱ्यांनीच त्या जागेला खुराडं म्हटलं आणि नंतर न्यायाधीशांनीही तोच शब्द उचलला. मराठीने तिकडे न बघता ‘पिंजरा’ म्हटलं, हा योगायोग अनुवादकाच्या फार कामाचा आहे.

तिसरा डॉक क्रियापद म्हणून जास्त भेटतो. जनावराच्या शेपटीचा हाडामांसाचा भाग, केस सोडून, त्याला मध्ययुगीन इंग्रजीत ‘डॉक’ म्हणत. घोड्यांच्या जगात तो शब्द अजून त्याच अर्थाने चालतो. त्यावरून शेपूट छाटणं, आणि त्यावरून कशाचाही थोडा भाग कापून टाकणं, पगारसुद्धा. चौथा डॉक वनस्पतीचा. जुन्या इंग्रजीतला ‘डॉके’, म्हणजे रुमेक्स या प्रजातीतल्या रुंद पानांच्या वनस्पती. इंग्लंडमध्ये खाजऱ्या झाडाचा चटका बसला की डॉकचं पान चोळतात. त्याच प्रजातीतली एक वनस्पती दादरच्या मंडईत जुडीने मिळते: आंबट चुका. शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ घालून पातळ भाजी करणाऱ्या घरात हा ‘डॉक’ कधीचाच येऊन बसलेला आहे, फक्त त्या नावाने नाही.

अवकाशातलं डॉकिंग, लॅपटॉपचा डॉक ही सगळी पहिल्या, म्हणजे गोदीच्या शब्दाची पिल्लं. इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेत 16 जानेवारी 2025 ला दोन उपग्रह एकमेकांना जोडले गेले तेव्हा मराठी बातम्यांनी ‘डॉकिंग’ तसंच ठेवलं किंवा ‘जोडणी’ म्हटलं. दोन्ही बरोबर. तिथे गोदी आणायचा मोह कुणालाच होत नाही, कारण गोदी तिथे बसत नाही.

या गठ्ठ्यात मात्र ती सगळीकडे बसते, आणि अडचण नेमकी तीच आहे. चुकीचा अर्थ हास्यास्पद झाला तर तपासणारा थांबतो. बिल ऑफ एंट्रीत माल होता ‘यलो डॉक रूट’, पंचवीस किलोच्या वीस गोणी, एकूण 500 किलो. मसुद्यात त्याची ‘पिवळ्या गोदीची मुळे’ झाली आणि ती पहिल्याच वाचनात पकडली गेली. शंका असतीच तर आयात शुल्काच्या वर्गीकरणातला मथळा 1211 बघून मिटली असती, तो औषधी आणि सुगंधी वनस्पतींचा आहे. दुरुस्ती करताना मात्र दुसरा खड्डा येतो. कोणीतरी प्रजाती बघून ‘आंबट चुक्याची मुळे’ लिहितं. चुका म्हणजे रुमेक्स वेसिकेरियस, यलो डॉक म्हणजे रुमेक्स क्रिस्पस. एकाची पानं खातात, दुसऱ्याची मुळं औषधी धंद्यात विकली जातात. मुद्देमालाच्या यादीत एकाच्या जागी दुसरं आलं तर जप्त माल आणि चोरीचा माल एकच का, यावर उलटतपासणी होऊ शकते. ‘यलो डॉक नावाच्या वनस्पतीची वाळलेली मुळे’ एवढंच लिहावं आणि शास्त्रीय नाव देवनागरीत पुढे द्यावं.

रखवालदाराच्या जबाबात ‘डॉक्ड डॉबरमन’ आहे. मसुद्यात ‘गोदीतला डॉबरमन’ झालं. इथे कोण थांबणार? कुत्रा गोदीतच होता. पण जबाबात शेपूट छाटलेलं असणं ही कुत्र्याची खूण म्हणून आली आहे. शेडजवळ दोन कुत्रे होते आणि त्या रात्री कोणता भुंकला नाही, यावर रखवालदाराचं म्हणणं उभं आहे. भूतकाळी रूप विशेषण म्हणून जनावराच्या नावाआधी आलं की शेपटीचा विचार आधी करावा, जागेचा नंतर.

चौकशी अहवालातलं वाक्य कायद्याच्या दृष्टीने जास्त नाजूक आहे. चोरीच्या आदल्या महिन्यात या क्लार्कचे दोन दिवसांचे ‘वेजेस वेअर डॉक्ड’, आणि मालक त्यातून रागाचा हेतू सुचवतो. मसुदा तपासणाऱ्याने इथे गोदी काढून टाकली, हे बरं केलं, आणि लिहिलं ‘दोन दिवसांच्या पगाराचा दंड केला’. हे चुकीचं आहे. वेतन प्रदान अधिनियम, 1936 मध्ये आणि नंतरच्या वेतन संहिता, 2019 मध्येही दंड आणि गैरहजेरीची कपात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दंड ठरवून जाहीर केलेल्या कृत्यांसाठीच करता येतो, कामगाराला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते आणि तो त्या वेतनकाळातल्या वेतनाच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. गैरहजेरीची कपात म्हणजे न भरलेल्या दिवसांचे पैसे न देणं. महिन्यातले दोन दिवस म्हणजे तीन टक्क्यांच्या सरळ वर, तेव्हा ‘दंड’ लिहिलं तर मालकाने बेकायदा दंड केला असा अर्थ निघतो, आणि अहवालात तसं म्हटलेलं नाही. पगारपत्रकात त्या दोन तारखांपुढे गैरहजेरीची खूण आहे. गोदीतल्या माणसाच्या तोंडी याला शब्द आहे: खाडा. ‘दोन दिवसांचे खाडे धरून तेवढा पगार कापला.’ औपचारिक मजकुरात ‘गैरहजेरीपोटी दोन दिवसांचे वेतन कापण्यात आले’.

आता खुद्द गोदीकडे. तिच्या अर्थाच्या 19 जागा आहेत आणि मूळ एक असलं तरी मराठी एक नाही. भिंतींनी वेढलेलं, दार लावून पाणी अडवलेलं कुंड ते गोदी. जिथे जहाज लागतं ती कडा म्हणजे धक्का. आणि सगळा परिसर, रस्ते, शेड, कस्टम धरून, ते बंदर किंवा बोलीत ‘डॉक्स’. ब्रिटिश इंग्रजीत डॉक म्हणजे मुख्यतः कुंड. अमेरिकन इंग्रजीत तो धक्क्याला म्हणतात. सर्व्हेअर अमेरिकन आहे, म्हणून त्याच्या पत्रात ‘ऑन द डॉक’ आलं आहे: माल दोन रात्री ‘ऑन द डॉक’ पडून होता. ‘गोदीत’ म्हटलं तर माल शेडमध्येही असू शकतो. ‘धक्क्यावर’ म्हटलं की उघड्यावर, आणि विम्याच्या दाव्यात तोच फरक मोजला जातो. भिवंडीच्या गोदामाचा उल्लेख असलेल्या ओळीतला ‘लोडिंग डॉक’ तर पाण्यापासून कोसभर दूर आहे. तो ट्रकच्या फाळक्याइतक्या उंचीचा माल चढवण्या-उतरवण्याचा ओटा.

जहाज ‘डॉक्ड ॲट’ अमुक वाजता, या ओळीत क्रियापद कोणतं निवडायचं हेही बघावं लागतं. इंदिरा डॉकसारख्या दाराच्या गोदीत पाण्याची पातळी आत राखतात, बाहेर समुद्राची भरती-ओहोटी काही मीटरांनी खालीवर होत असते, म्हणून जहाजाचं आत येणं आणि धक्क्याला लागणं या दोन घटना आहेत आणि त्यांच्या वेळा वेगळ्या असतात. टॅली शीटवर पाळी कधी सुरू झाली ते दुसऱ्या घटनेशी जुळतं. म्हणून ‘धक्क्याला लागले’. दुरुस्तीला गेलेलं जहाज ‘इन ड्राय डॉक’ असेल तर सुकी गोदी. नावं मात्र हलवायची नाहीत. इंदिरा डॉक, ससून डॉक, माझगाव डॉक, डॉकयार्ड रोड ही पाट्यांवरची, लोकांच्या तोंडची नावं आहेत. ‘माझगाव गोदी’ लिहिलं तर कंपनीचं नावच बदलतं. उलट इंग्रजी कागदातला ‘फेरी व्हार्फ’ दिसला की मुंबईकर वाचकासाठी भाऊचा धक्का लिहिणंच योग्य.

दुरुस्तीचं काम कसं केलं, ते क्रमाने. आधी शोधा-बदला हे हत्यार बाजूला ठेवलं. पूर्ण शब्दाची अट न लावता ते चालवलं तर डॉकेट, डॉकयार्ड, पॅडॉक, हॅडॉक, बरडॉक या सगळ्यांच्या पोटातली तीच अक्षरं बदलतात. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरचा पॅडॉक तर ‘पॅरॉक’ या भलत्याच शब्दाचं बिघडलेलं रूप, त्याचा कुठल्याही डॉकशी संबंध नाही. मग सर्व 37 जागा एका तक्त्यात घेतल्या. मधल्या स्तंभात शब्द, डावीकडे आधीचे पाच-सहा शब्द, उजवीकडे नंतरचे तेवढेच, शेवटी कागदाचं नाव आणि पान. हा तक्ता डाव्या शेजाऱ्यानुसार लावला की अर्ध्याहून अधिक काम संपतं. ‘ऑन द’ एकत्र येतात, ‘इन द’ एकत्र येतात, रंगाचं नाव आधी असलेले एकत्र येतात. नंतर उजव्या शेजाऱ्यानुसार लावला. तिथे ‘आयडेंटिफिकेशन’, ‘रूट’, ‘वर्कर’, ‘लेबर’ सापडले. अनेकवचनी ‘द डॉक्स’ जवळजवळ नेहमी बंदर. एकवचनी ‘इन द डॉक’ धोक्याचा, कारण तो कोर्टही असू शकतो आणि कुंडही.

त्या धोक्याच्या गटात सात जागा उरल्या. त्यांना तीन प्रश्न विचारले: वाक्याचा कर्ता कोण, घटना कोणत्या तारखेची, आणि कागद कोणी लिहिला. सर्व्हेअर कोर्टाबद्दल लिहिणार नाही. निकालपत्रात साक्षीदाराच्या क्रमांकानंतर वर्तमान प्रसंगासारखं आलेलं ओळखणं कोर्टातलं. यात पाच सुटल्या, पैकी चार कोर्टाच्या आणि एक गोदीची. दोन सुटल्या नाहीत.

शब्दसूचीत एका नोंदीच्या चार नोंदी केल्या. प्रत्येकीला क्षेत्र, शब्दजात, मराठी प्रतिशब्द आणि ‘हे टाळा’ असा रकाना. कोर्टाच्या नोंदीपुढे ‘गोदी’ आणि ‘नुसता पिंजरा’ टाळा, पगाराच्या नोंदीपुढे ‘दंड’ टाळा, वनस्पतीपुढे ‘आंबट चुका’ टाळा. डॉकेटची पाचवी नोंद वेगळी. त्याचं मूळ संशयास्पद आहे, काही जण कापण्याच्या डॉकशी नातं लावतात, पण अनुवादकाला तिथे ‘नोंद क्रमांक’ एवढंच हवं आहे.

उरलेल्या दोन जागा वकिलांकडे प्रश्न म्हणून गेल्या. प्रश्न लिहिण्याची पद्धत महत्त्वाची: पान, मूळ वाक्य, दोन्ही शक्य वाचनं पूर्ण मराठी वाक्यात, आणि प्रत्येक वाचनाने खटल्यात काय बदलतं. ‘इथे डॉकचा अर्थ काय’ असं विचारलं तर घाईतला वकील ‘गोदी’ असं एका शब्दात उत्तर देऊन मोकळा होतो.

पहिली जागा सोपी निघाली, टंकलेखनात एक ओळ गळली होती. दुसरी निकालपत्राच्या नवव्या परिच्छेदात होती: रखवालदाराने आरोपीला ‘इन द डॉक ऑन अर्लियर ऑकेजन्स’ पाहिलं होतं. कोर्टातल्या आधीच्या तारखांना पिंजऱ्यात पाहिलं असेल, तर चौदाव्या परिच्छेदातली ओळख जवळपास निकामी, कारण आरोपी कोण हे त्याला आधीच दिसलेलं होतं. बंदरात कामावर येता-जाता पाहिलं असेल, तर माणूस ओळखीचाच होता आणि परेडची गरजच नव्हती. व्याकरण दोन्हींना वाव देतं. संदर्भही देतो. वकिलांना पहिलं वाचन सोयीचं होतं आणि त्यांनी तेच कळवलं.

अशा वेळी इंग्रजीशी झटापट करत बसू नये. रखवालदार मराठीत बोलला होता, साक्ष मराठीत नोंदली गेली होती, आणि निकालातलं इंग्रजी हाच त्या साक्षीचा अनुवाद होता. मूळ मराठी वाक्य इंग्रजीत जाऊन परत मराठीत येत असेल तर साक्षीच्या नोंदीची प्रमाणित प्रत मागवावी आणि त्यातले शब्द जसेच्या तसे उतरवावेत. प्रत आली. त्यात होतं: ‘आरोपीस मी यापूर्वी गोदीत पाळीवर येताना पाहिले आहे.’ हेच वाक्य अनुवादात गेलं, समासात पान क्रमांकासह, आणि ओळख परेडचा मुद्दा अपिलाच्या मसुद्यात पहिल्या क्रमांकावरून चौथ्यावर गेला. पहिल्या क्रमांकावर मुद्देमालाच्या वजनातली तफावत आली.